पहिला ऑनलाइन कोर्स घेताय? आधी आठवडा लावून घ्या

जुलै आणि जानेवारी आला की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात, लायब्ररीशेजारच्या खोलीत मुलामुलींची गर्दी होते. 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलवर कोर्स घ्यायचा असतो. कुणाला क्रेडिट (पदवीसाठी मोजलं जाणारं अभ्यासाचं एकक) हवे असतात, कुणाला सर्टिफिकेट, कुणाला खरंच तो विषय शिकायचा असतो. मी त्यांच्याबरोबर बसते, फॉर्म भरून देते आणि पुढचे तीन महिने जमेल तसं त्यांच्या मागे लागते.

मी स्वतः नोकरी सांभाळून असे चार कोर्स केले आहेत. पहिल्यात नापास झाले. १२ आठवड्यांचे सगळे व्हिडिओ पाहिले होते, एकही सोडला नव्हता, म्हणून निकाल बघून मला काही सुधरेना. मग हळूहळू लक्षात आलं की मी व्हिडिओ पाहिले होते, अभ्यास केला नव्हता. पुढच्या तीन कोर्सांत मी जे बदललं आणि या मुलांना जे पुन्हा पुन्हा सांगते, ते इथे लिहिते आहे. उदाहरणं स्वयम्‌वरच्या एनपीटेल या कार्यक्रमातल्या कोर्सांची देते, कारण ते मला आतून माहीत आहेत. इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

नाव नोंदवण्याआधी

स्वयम् हे केंद्र सरकारचं पोर्टल, २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावरचे इंजिनिअरिंग आणि विज्ञानाचे बरेचसे कोर्स एनपीटेलचे असतात, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीतल्या प्राध्यापकांनी शिकवलेले. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट धरतात.

कॉलेजच्या मार्कांसाठी कोर्स घेत असाल तर पहिलं काम पोर्टलवर नाही, कॉलेजात आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून करता येतात. पण तुमचा नेमका कोर्स तुमच्या विभागाच्या यादीत आहे का, हे विभागप्रमुखांना विचारून घ्या आणि होकार लेखी घ्या. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने चांगल्या मार्कांनी कोर्स पूर्ण केला आणि मग त्याला कळलं की त्याच्या अभ्यासक्रमात तो विषय बसतच नाही. शिकलेलं वाया गेलं नाही हे खरं, पण क्रेडिट मात्र मिळाले नाहीत.

दुसरी गोष्ट, आणि ही दर सत्रात कुणाची तरी चुकतेच. कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. कोर्स फुकट आहे. परीक्षेचा फॉर्म काही आठवड्यांनी निघतो, त्याची वेगळी फी असते (एनपीटेलला गेली काही वर्षं एका कोर्सला १००० रुपये) आणि त्याची शेवटची तारीख कोर्स संपायच्या बरीच आधी येऊन जाते. 'मी तर एनरोल केलं होतं' असं म्हणत डोळ्यांत पाणी घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्या वेळी कुणाच्याच हातात काही नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये घाला आणि तिच्या आठ दिवस आधीचा अलार्म लावा. फॉर्ममध्ये नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. सर्टिफिकेटवर तेच छापून येतं, आणि केंद्रावर ओळखपत्राशी ते ताडून पाहतात.

कोर्स निवडताना पहिला परिचयाचा व्हिडिओ पाहा आणि अभ्यासक्रमाचं पान शेवटपर्यंत वाचा. 'पूर्वतयारी' म्हणून जे लिहिलेलं असतं ते गांभीर्याने घ्या. बऱ्याच कोर्सांत एक 'असाइनमेंट शून्य' असते. तिचे मार्क कुठे धरत नाहीत, पण या कोर्सला लागणारं आधीचं ज्ञान तुमच्याकडे आहे का हे तिच्यातून कळतं. त्यातले निम्मे प्रश्न अडले तर सरळ दुसरा, सोपा कोर्स बघा. आणि पहिल्यांदा घेत असाल तर एकच कोर्स घ्या. मैत्रीण तीन घेतेय म्हणून तीन घेऊ नका.

किती तास लागतील याचा हिशोब

इग्नूचा हिशोब सरळ आहे: १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. पुस्तक वाचणं, ऐकणं, असाइनमेंट लिहिणं, सगळं धरून. म्हणजे ४ क्रेडिटच्या एका पेपराला १२० तास. सत्राचे २० आठवडे धरले तर एका पेपराला आठवड्याला ६ तास. असे चार पेपर असतील तर आठवड्याला २४ तास, म्हणजे रोजचे जवळपास साडेतीन. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवला की 'शनिवार-रविवारी उरकून टाकू' हा विचार आपोआप गळून पडतो.

एनपीटेलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सात आठवड्याला अडीच-तीन तासांचे व्हिडिओ असतात, बहुतेक अर्ध्या तासाचे पाच-सहा. माझा अनुभव असा की अर्ध्या तासाचा एक व्हिडिओ नीट पचवायला एक तास ते सव्वा तास लागतो. त्यात असाइनमेंट धरली की आठवड्याला ७-८ तास हवेतच. हे तास तुमच्या आठवड्यात नेमके कुठे बसणार, ते आज ठरवा. 'वेळ मिळेल तसा' असं म्हटलं की तो वेळ कधीच मिळत नाही.

बहुतेक कोर्सांत असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. तुमची स्वतःची मुदत मात्र रविवारी रात्रीची ठेवा. उरलेले तीन दिवस लाइट गेली, नेट गेलं, ताप आला, घरी पाहुणे आले, यासाठी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी चार तास येत नाही, आणि ती बुधवारीही जाते. एका बुधवारी संध्याकाळी सातला लाइट गेली, मोबाइल १२ टक्क्यांवर, आणि खोलीतल्या अकरा जणांपैकी सहा जणांची असाइनमेंट राहिली. उरलेल्या पाच जणांनी रविवारीच टाकली होती.

एक खरं वेळापत्रक सांगते. एसवाय बीएस्सीची मुलगी, गाव कॉलेजपासून ३० किलोमीटर, सकाळी सहाची एसटी. तिने असं बसवलं: सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार रात्री साडेआठ ते पावणेदहा, रोज एक व्हिडिओ. शनिवारी कॉलेज सुटल्यावर लायब्ररीत दीड तास, उरलेला व्हिडिओ आणि आठवड्याची उजळणी. रविवारी सकाळी दोन तास असाइनमेंट. बुधवार मोकळा, राहिलेलं भरून काढायला. एसटीत ती व्हिडिओ बघत नसे, कारण नेट तुटतं आणि गर्दीत डोकं चालत नाही. एसटीत ती आदल्या रात्री लिहिलेले प्रश्न वहीतून काढून मनातल्या मनात उत्तरं द्यायची. तो एक तास तिचा सगळ्यात चांगला अभ्यास होता असं मी मानते. का, ते पुढे येईलच.

घरच्यांना सांगा

ऑनलाइन कोर्सातली खरी अडचण पुष्कळदा घरातली असते. वर्गात बसलेल्या मुलीला कुणी कणीक मळायला बोलावत नाही. पण हातात मोबाइल घेऊन बसलेली मुलगी घरच्यांना रिकामी दिसते. 'बघतेच तर आहेस, जरा कुकर लाव.' यात घरच्यांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. त्यांनी शिक्षण असं पाहिलेलं नाही.

म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: 'सोम, मंगळ, गुरु, शुक्र, रात्री ८:३० ते ९:४५, कॉलेज.' तो कागद स्वयंपाकघरात लावा. 'ऑनलाइन' हा शब्द लिहूच नका, 'कॉलेज' असंच लिहा. परीक्षेची तारीख लिहा, भरलेली फी लिहा. आईला, सासूबाईंना, नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात शेजारी बसवून एक व्हिडिओ दहा मिनिटं दाखवा. फळ्यावर गणित सोडवणारे सर दिसले की त्यांना पटतं की हा वर्गच आहे. ज्या दोन-तीन विवाहित मुलींनी हे केलं, त्यांना त्या वेळेत कुणी हाक मारली नाही. बदल्यात सकाळची कामं त्यांनी आधी उरकून टाकली, हेही खरं.

जागा एकच ठेवा, रोज तीच. वेगळी खोली नसेल तर भिंतीकडे तोंड करून बसा. पलंगावर आडवं होऊन बघू नका.

मोबाइलवरच शिकायचं असेल तर

आमच्याकडच्या निम्म्या मुलांकडे लॅपटॉप नाही, आणि त्याशिवायही हे जमतं. व्हिडिओ लेक्चरच्या आधीच डाउनलोड करून ठेवा, कॉलेजच्या वायफायवर किंवा रात्री उरलेल्या डेटात. मग मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. नेटच बंद असलं की व्हॉट्सअॅप मध्ये येत नाही, इन्स्टा उघडलं तरी नवीन काही दिसत नाही. इतका सोपा उपाय, पण करणारे थोडे.

स्क्रीन लहान असते, म्हणून लेक्चरची लिखित प्रत घ्या. एनपीटेलच्या लेक्चरांची प्रत पीडीएफमध्ये मिळते, काही कोर्सांची मराठीतही मिळते. झेरॉक्सवाल्याकडून आठवड्याची पानं छापून घेतली तर वीसेक-तीसेक रुपयांत काम होतं आणि डोळेही वाचतात. आठवड्यातून एकदा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसा, कारण परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि माउस-कीबोर्डची सवय त्या दिवशी लागत नाही.

व्हिडिओ थांबवा, कागद काढा

आता मुख्य मुद्दा. शिकवणारे प्राध्यापक चांगले असले की ऐकताना सगळं समजतं. तेच फसवं असतं. त्यांनी केलेलं आपल्याला समजतंय, म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं. आपल्याला येतं का, हे व्हिडिओ बंद करून कोऱ्या कागदावर लिहायला बसल्याशिवाय कळत नाही. माझा पहिला कोर्स नेमका इथेच बुडाला.

गेल्या जुलैच्या बॅचमधला एक प्रसंग सांगते. संख्याशास्त्राचा कोर्स होता. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दुसरा आठवडा झाला माझा. सगळं समजलं."

मी म्हटलं, "छान. वही मिट. २, ४, ६ या आकड्यांचं व्हेरियन्स काढ."

व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत त्याचं माप. तिने सरासरी काढली, ४. मग प्रत्येक आकड्यातून ती वजा केली: उणे २, शून्य, २. वर्ग केले: ४, ०, ४. बेरीज ८. इथपर्यंत हात भराभर चालला. मग पेन थांबलं.

"भागायचं तीनने की दोनने?"

"तूच सांग."

"सर दोन्ही म्हणाले होते..."

खरंच, सरांनी दोन्ही सांगितलं होतं. हे तीन आकडे म्हणजेच संपूर्ण गट असेल तर तीनने भागायचं, उत्तर २.६७. मोठ्या गटातून उचललेला हा नमुना असेल तर एन उणे एक (एन म्हणजे आकडे किती ते), म्हणजे दोनने, उत्तर ४. ती हे वाक्य ऐकताना मान डोलावून पुढे गेली होती. 'नमुन्यात एक का वजा करायचा?' असं विचारलं तर तिला काही सांगता येईना.

आम्ही तेवढाच चार मिनिटांचा तुकडा पुन्हा लावला. मग तिने कागदावर मराठीत लिहिलं: 'सरासरी याच तीन आकड्यांतून काढली आहे, म्हणून सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. उणे २ आणि शून्य हे दोन फरक कळले की तिसरा २ च असणार. म्हणजे मोकळे फरक दोनच.' ते लिहून झाल्यावर तिचा चेहरा बदलला. या एका कागदाला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत तिने जे मिळवलं ते तोच व्हिडिओ आणखी तीनदा बघून मिळालं नसतं.

म्हणून पद्धत अशी ठेवा. सुरुवातीला लिखित प्रत दोन-तीन मिनिटं चाळा, आज काय येणार आहे एवढंच बघायला. मग व्हिडिओ लावा आणि आठ-दहा मिनिटांनी, एखादा मुद्दा पुरा झाला की थांबवा. ऐकताना लिहू नका, किंवा अगदी मोजकं लिहा. थांबवल्यावर, न बघता, आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत लिहा. गणित असेल तर सरांनी सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवा. अडलात तर तेवढाच भाग परत लावा. मग पुढचा तुकडा. वेग सव्वापट करायला हरकत नाही, ओळखीचा भाग असेल तर. पण जिथे सूत्र मांडलं जातंय किंवा प्रोग्रॅम लिहिला जातोय, तिथे वेग एकपटच ठेवा. दुप्पट वेगाने बघून तुमचा अर्धा तास वाचत नाही, अर्धा तास वाया जातो.

वहीच्या पानावर डावीकडे तीन बोटं रुंदीची पट्टी आखा. उजवीकडे तुमची टिपणं, डावीकडच्या पट्टीत प्रश्न. 'नमुन्यात एन उणे एक का?' असा. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू हाताने झाकायची आणि पट्टीतल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. ती एसटीतली मुलगी हेच करत होती.

पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून बघा

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६.

हे नीट लक्षात घ्या, कारण आपली फसगत इथेच होते. पुन्हा वाचल्यावर त्याच रात्री आपल्याला जास्त येतंय असं वाटतं, आणि त्या रात्रीपुरतं ते खरंही असतं. तुमची परीक्षा मात्र तीन महिन्यांनी आहे.

त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आजचा व्हिडिओ लावण्याआधी पाच मिनिटं कालच्या प्रश्नांना द्या. शनिवारी आठवड्याचे सगळे प्रश्न घ्या. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना चांदणी करा आणि चौथ्या व आठव्या आठवड्याच्या शेवटी फक्त चांदणीवाले प्रश्न बघा. परीक्षेच्या आठवड्यात ६० व्हिडिओ परत बघायची वेळच येत नाही.

मराठी माध्यमातून आलात म्हणून

बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं पहिल्या आठवड्यात गप्प होतात. व्हिडिओ इंग्रजीत, सरांचा उच्चार कधी तमिळ वळणाचा, कधी बंगाली. दोन-तीन व्हिडिओंनी कान सरावतो. सबटायटल लावा, त्यात कमीपणा काही नाही. पण विषय इंग्रजीतच डोक्यात बसला पाहिजे हा हट्ट सोडा. ऐका इंग्रजीत, स्वतःला समजावा मराठीत, आणि शेवटी व्याख्या तेवढी इंग्रजीत लिहा, कारण परीक्षा इंग्रजीत आहे. व्हेरियन्स, सॅम्पल, प्रॉबॅबिलिटी हे शब्द तसेच वापरा. त्यांचा अर्थ मात्र आईला समजेल अशा मराठीत सांगता यायला हवा. वहीच्या शेवटच्या पानांवर शब्दांची यादी ठेवा. १२ आठवड्यांत ती शंभर-सव्वाशेच्या पुढे जात नाही, आणि तेच शब्द सारखे फिरून येतात.

असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५

एनपीटेलमध्ये असाइनमेंटना २५ मार्क आणि परीक्षेला ७५. १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ६. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. इतर संस्थांच्या कोर्सांत ही विभागणी निराळी असू शकते. इग्नूत बहुतेक ठिकाणी असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के असतात.

असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर फिरतात. तुम्हालाही कुणीतरी ग्रुपमध्ये घालेल. हिशोब करून बघा: उत्तरं उतरवून असाइनमेंटचे २५ पैकी २४ मिळाले, परीक्षेत २० आले. बेरीज ४४, तरी नापास, कारण परीक्षेचे ३० झाले नाहीत. असे निकाल मी दर सत्राला बघते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ती मुलं कामाची असतात. स्वतः सोडवून २५ पैकी १५ मिळवणारा मुलगा परीक्षेत त्यांच्या पुढे जातो.

असाइनमेंट सोडवताना व्हिडिओ आणि वही बाजूला ठेवून पहिल्यांदा सगळे प्रश्न करा, कच्च्या कागदावर. मग वही उघडा आणि जे चुकले किंवा अडले ते दुरुस्त करा. मुदत संपल्यावर उत्तरं जाहीर होतात, बहुतेक वेळा स्पष्टीकरणासह. ती पंधरा मिनिटं देऊन वाचा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न डाव्या पट्टीत घाला. हे फारच थोडे जण करतात.

प्रश्न विचारायला लाजू नका

प्रत्येक कोर्सात चर्चेसाठी जागा असते आणि तिथे सहाय्यक शिक्षक उत्तरं देतात. 'आठवडा ३ समजला नाही' असं लिहिलं तर कुणी काय सांगणार? लेक्चरचा क्रमांक आणि मिनिट लिहा, तुम्ही काय केलं ते लिहा, आणि नेमकं कुठे अडलं ते लिहा. 'लेक्चर १४, मिनिट १७. मी दोनने भागलं, ४ आलं, स्लाइडवर २.६७ आहे, हे तीन आकडे नमुना आहेत की संपूर्ण गट?' असा प्रश्न आला की उत्तर एका ओळीत मिळतं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, तिथे व्याकरणाला मार्क नाहीत. पुष्कळदा असा प्रश्न लिहितानाच उत्तर सापडतं.

आणि एक सोबती शोधा. तोच कोर्स घेतलेला दुसरा एक जण, कॉलेजातला किंवा दुसऱ्या गावचा. शनिवारी वीस मिनिटं फोनवर एकमेकांना दोन-दोन प्रश्न विचारायचे. ज्या जोड्यांनी हे टिकवलं त्यांच्यातलं कुणी मध्येच सोडून गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मागे पडलात तर

चौथ्या-पाचव्या आठवड्यात कॉलेजची अंतर्गत परीक्षा येते, गणपती येतात, शेतीची कामं येतात, आणि दोन आठवडे हातातून जातात. त्यानंतर बहुतेक जण मागून सुरुवात करतात, म्हणजे राहिलेला चौथा आठवडा आधी. तोवर सहाव्याची मुदत जाते आणि मग सातव्याची. माणूस रोज अभ्यास करतो आणि रोज मागेच राहतो.

उलट करा. चालू आठवडा पकडा आणि त्याची असाइनमेंट वेळेत टाका. राहिलेले आठवडे बुधवारच्या मोकळ्या वेळेत, व्हिडिओ न बघता लिखित प्रतीवरून भरून काढा, एका आठवड्याला दोन तास. १२ पैकी ८ असाइनमेंट धरतात, म्हणजे चार सुटल्या तरी तुमचे २५ मार्क शाबूत आहेत. विषयच एकावर एक रचलेला असेल, जसं प्रोग्रॅमिंग किंवा गणित, तर मागच्या आठवड्यांतलं पुढे कुठे लागतंय ते बघा आणि तेवढंच आधी करा. सहा आठवड्यांहून जास्त राहिलं असेल आणि परीक्षेची फी अजून भरलेली नसेल, तर पुढच्या सत्रात तोच कोर्स पुन्हा आहे का ते पाहा आणि तेव्हा नीट करा.

परीक्षेचा आठवडा

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, कॉम्प्युटरवर, तीन तास. फॉर्म भरताना शहर निवडावं लागतं. जवळचं म्हणून निवडलेल्या शहराला सकाळी नऊच्या आत पोचवणारी गाडी आहे का, हे आधी बघा. आमच्याकडून सातची एसटी आहे, पण ती रविवारी येईलच याचा भरवसा नाही. म्हणून मुलं आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करतात किंवा चौघं मिळून गाडी करतात.

शेवटच्या आठवड्यात दोनदा, घड्याळ लावून, तीन तास सलग बसा. आधीच्या सगळ्या असाइनमेंटचे प्रश्न एकत्र करून, आठवड्यांची सरमिसळ करून सोडवा. आठवड्यागणिक सोडवताना कोणतं सूत्र लागणार हे आधीच माहीत असतं, परीक्षेत ते तुम्हाला ओळखावं लागतं. आदल्या दिवशी हॉल तिकिटाच्या दोन प्रती काढा, मूळ ओळखपत्र पिशवीत ठेवा आणि लवकर झोपा.

निकाल लागला की सर्टिफिकेट डाउनलोड करून त्याची प्रत अर्जासह कॉलेजच्या परीक्षा विभागात द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. क्रेडिट गुणपत्रिकेवर दिसेपर्यंत ती पोच जपून ठेवा.